टांकसाळीची चूक की वापराची खूण?

माझ्या आजीच्या बटव्यात सुपारी, लवंगा आणि वेलदोडे यांच्या सोबतीला एक जुना पैसा असे. त्याच्या मध्यभागी चांगले मोठे वाटोळे भोक होते. तो पैसा करंगळीच्या टोकावर अडकवून फिरवीत बसणे हा माझा बाळपणीचा आवडता खेळ. एके दिवशी मी तिला विचारले, "आजी, याला हे भोक कोणी पाडलं ग?" आजी शांतपणे म्हणाली, "सरकारनं!" ती माझी थट्टा करीत आहे असेच मला वाटले. धडधाकट नाण्याला सरकार कशाला भोक पाडील?

पुढे मोठेपणी कळले, की आजी अक्षरशः खरे सांगत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई पडली. धातू वाचावा म्हणून १९४३ ते १९४७ या वर्षांत आपल्या देशात मध्यभागी भोक असलेला पैसा काढण्यात आला. मुंबईच्या टांकसाळीतही तो तयार होत असे. म्हणजे ते भोक कोणी खोडसाळपणे पाडलेले नव्हते, आणि कोणाच्या हातून चुकून पडलेलेही नव्हते. ते मुद्दाम, विचार करून ठेवलेले होते.

तेव्हापासून जुने नाणे हाती आले, की त्याच्यावरच्या प्रत्येक खुणेला मी एकच प्रश्न विचारतो : "तुझा जन्म कोठला?" नाण्यावरची खूण तीन ठिकाणांहून आलेली असू शकते. एक तर ती मूळ योजनेतच असते. किंवा नाणे घडत असताना टांकसाळीत काही चूक होऊन ती उमटलेली असते. किंवा नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर माणसांच्या हाती आणि काळाच्या तावडीत सापडून ती पडलेली असते. या तिन्ही खुणा डोळ्यांना पुष्कळदा सारख्याच दिसतात; परंतु त्यांचे अर्थ अगदी वेगळे असतात. त्या कशा ओळखाव्या, हे समजून घेण्यासाठी माझ्या आजीच्या पैशाचेच समवयस्क असलेले एक परदेशी नाणे आपण आज तपासू. ते नाणे म्हणजे अमेरिकेचा १९४३ सालचा पोलादी सेंट.

सेंट हे अमेरिकेतील सर्वांत कमी किमतीचे नाणे. एका डॉलरचे शंभर सेंट होतात. तेथील लोक बोलताना त्याला 'पेनी' असेही म्हणतात. या नाण्याच्या एका बाजूस १९०९ पासून राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची मुद्रा असे. दुसऱ्या बाजूस त्या काळी गव्हाच्या दोन ओंब्या होत्या. हे नाणे जवळजवळ तांब्याचेच होते, कारण त्यात शंभरात पंचाण्णव भाग तांबे असे. परंतु युद्ध पेटले आणि तोफगोळे, बंदुकीच्या गोळ्यांची पुंगळी, विजेच्या तारा अशा शेकडो कामांसाठी तांब्याची मागणी एकदम वाढली. तेव्हा १९४२ च्या डिसेंबरात तेथील लोकसभेने नाण्याचा धातू बदलण्याची परवानगी दिली, आणि १९४३ या एका वर्षापुरते सेंट पोलादाचे निघू लागले. पोलाद गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा पातळ मुलामा दिलेला होता.

फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रॅन्सिस्को या तीन टांकसाळींनी मिळून त्या वर्षी असे सुमारे १०९ कोटी सेंट पाडले. त्यांपैकी ६८ कोटींहून अधिक एकट्या फिलाडेल्फियाचे होते. डेन्व्हरच्या नाण्यावर सालाखाली 'डी' आणि सॅन फ्रॅन्सिस्कोच्या नाण्यावर 'एस' हे अक्षर असे. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर कोणतेच अक्षर नसे. हे नवे नाणे लोकांच्या मात्र पसंतीस उतरले नाही. नवे असताना ते चांदीसारखे चकाके, त्यामुळे घाईगर्दीत दहा सेंटचे नाणे समजून लोक फसत. थोड्याच दिवसांत जस्त काळवंडे आणि आतले पोलाद गंजू लागे. १९४४ मध्ये सरकार पुन्हा तांब्याकडे वळले. पोलादी सेंटाचे राज्य अवघ्या एका वर्षात संपले.

आता नाणे कसे घडते ते पाहू; कारण घडण्याची रीत ठाऊक असल्यावाचून चूक ओळखता येत नाही.

पोलादाच्या लांबलचक पट्टीला प्रथम जस्ताचा मुलामा देत. मग यंत्राने त्या पट्टीतून गोल, कोऱ्या चकत्या कापून काढीत. आपल्या घरी मोठी पोळी लाटून वाटीने तिच्यातून पुऱ्या कापतात ना, अगदी तसेच! येथे एक गोष्ट मनात पक्की धरून ठेवा. मुलामा आधी आणि कापणे नंतर. त्यामुळे चकतीच्या दोन्ही तोंडांवर जस्त राही, पण तिची कड मात्र उघड्या पोलादाचीच असे. पुढे ही चकती दुसऱ्या यंत्रातून फिरवून तिचा काठ किंचित उंच करीत. शेवटी ती एका कड्यात बसवून वरखाली दोन ठशांच्या मध्ये प्रचंड दाबाखाली चेपीत. ठशावर चित्र आणि अक्षरे खोलगट व उलटी कोरलेली असतात. दाबासरशी धातू त्या खोलगट जागांत चढतो आणि नाण्यावर सुलट, उठावाची मुद्रा उमटते. मोदकाच्या साच्याने मोदकाला पाकळ्या याव्यात तशीच ही क्रिया आहे.

यावरून ध्यानात येईल, की टांकसाळीत चूक व्हायला तीनच जागा आहेत : चकती, ठसा आणि ठोक. एखाद्या खुणेचा उगम या तिहींपैकी कोठे दाखवता आला, तर ती टांकसाळीची चूक. दाखवता आला नाही, तर ती बाहेरची इजा मानावी. कोणते यंत्र, कोणत्या क्षणी, कशामुळे ही खूण करील, हे ज्याला सांगता येत नाही त्याने "ही चूक आहे" असे म्हणण्याची घाई करू नये.

मी शाळेत मुख्याध्यापक असताना न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला असे सहा पोलादी सेंट पाठविले होते. सोबतच्या पत्रात त्याने लिहिले होते, "सर, हे सहाही सेंट 'टांकसाळीच्या चुका' म्हणून एका पेटीत मला मिळाले. यांतले खरे किती आणि खोटे किती, हे आपल्या वर्गातील मुलांना ठरवू द्या." मला ही कल्पना फार आवडली. एका शनिवारी सातवीच्या वर्गात मी टेबलावर पांढरा कागद अंथरला. त्यावर ते सहा सेंट, एक भिंग आणि प्रयोगशाळेतील लोहचुंबक ठेवले. चुंबक जवळ नेताच सहाही नाणी टपटप उडून त्याला चिकटली आणि वर्गात हशा पिकला. तांब्याच्या नाण्याला हे कधीही साधत नाही. सहाही नाणी पोलादाची आहेत एवढे तर ठरले.

पहिल्या नाण्यावर लिंकनच्या कपाळापासून काठापर्यंत एक बारीक, वाकडी रेषा होती. "ओरखडा!" असे चार-पाच जण एकदम म्हणाले. मी एका मुलाला त्या रेषेवरून नख हळूच फिरवून पाहण्यास सांगितले. तो म्हणाला, "सर, रेषा आत गेलेली नाही, वर आली आहे." भिंगातून पाहिले, तर त्या उंच रेषेवरही आजूबाजूसारखेच अखंड जस्त होते. ओरखडा धातू खरवडून काढतो, म्हणून तो खोल असतो. उंच रेषा ओरखड्याने होत नाही. ती होते ठसा तडकल्यामुळे. मोदकाच्या साच्याला चीर गेली, तर प्रत्येक मोदकावर एक उंच शीर उमटते, तसाच हा प्रकार. पोलाद तांब्यापेक्षा कठीण; त्यावर ठोके मारून त्या वर्षी ठसे लवकर झिजत आणि तडकत. पहिले नाणे खऱ्या चुकीचे ठरले.

दुसऱ्या नाण्यावरही रेषा होती, पण ती खोल होती. तिच्या दोन्ही अंगांना बाजूला सारलेल्या धातूचे बारीक बांध दिसत होते. नांगराच्या तासाला दोन्हीकडे माती चढते, तसे. तिच्या तळाशी जस्त फाटून पोलाद उघडे पडले होते आणि तेथे तांबूस गंजाची ओळ धरली होती. हे नाणे घडून गेल्यावर झालेला तो घाव होता. पोलादी सेंटावरचे जस्त असे मोठ्या कामाचे साक्षीदार आहे. खूण नाणे घडण्यापूर्वीची की नंतरची, हे ते पुष्कळदा न बोलता सांगून टाकते. तथापि उंच दिसणाऱ्या प्रत्येक टेंगळावरही विश्वास टाकू नये. जस्ताखाली गंज फुगला, की वर बारीक फोड येतात; ते ठशाचे काम नव्हे, ओलाव्याचे काम होय.

तिसऱ्या नाण्यावरच्या १९४३ मधील चार हा आकडा जवळजवळ नाहीसाच झालेला होता. कोणी घासून पुसला असेल काय? घासला असता, तर त्या जागी बारीक चरे दिसले असते आणि शेजारचे नऊ व तीन हे आकडेही थोडेफार झिजले असते. येथे तर शेजारचे आकडे ठसठशीत होते आणि चाराची जागा आजूबाजूसारखीच नितळ होती. याचे कारण ठशात होते. ठशाच्या खोलगट भागात यंत्राचे वंगण आणि धूळ साचली, की तेथे धातू चढू शकत नाही. साच्याच्या खाचेत उकड अडकून राहिली, तर पुढच्या मोदकाला ती पाकळी येत नाही, हे तुमच्या आईने अनुभवले असेलच. १९४३ च्या सेंटांत हा पुसट चार पुष्कळ आढळतो. म्हणून ही चूक खरी असली, तरी दुर्मिळ नव्हे.

चौथ्या नाण्याचा चंद्रकोरीसारखा एक लचका तुटलेला होता. पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी सरकली, तर पुरीला नेमका असाच लचका पडतो. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की कापणारे यंत्रही हीच चूक करते. परंतु कोणी कानशीने घासूनही तसा आकार देऊ शकतो. मग निवाडा कसा करावा? त्यासाठी लचक्याकडे नव्हे, तर त्याच्या बरोबर समोरच्या काठाकडे पाहावे. काठ उंच करणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला लचका असेल, तर दाब पोकळीत जातो आणि समोरचा काठही नीट उठत नाही. आमच्या नाण्याच्या समोरचा काठ खरोखरच पुसट होता. शिवाय लचक्याजवळची अक्षरे पोकळीकडे ओढल्यासारखी पसरट झाली होती. नाणे तयार झाल्यावर कानस चालविली असती, तर समोरचा काठ शाबूत राहिला असता आणि अक्षरे सुरीने कापल्यासारखी एकदम थांबली असती. लबाडी करणारा जेथे हात चालवितो तेथेच लक्ष देतो. समोरच्या काठाचा त्याला विसर पडतो.

पाचव्या नाण्याने वर्ग चकित झाला. लिंकनच्या गालावर आरशात दिसावीत तशी उलटी अक्षरे होती, आणि ती खोलगट होती. "हे तर फारच दुर्मिळ असेल!" असे एकाने म्हटले. आम्ही विचार करू लागलो. टांकसाळीच्या ठशावर अक्षरे उलटी आणि खोलगट असतात, म्हणून नाण्यावर ती सुलट आणि उंच येतात. मग नाण्यावर उलटी व खोलगट अक्षरे कशाने येतील? ज्यावर सुलट व उंच अक्षरे आहेत अशा वस्तूने, म्हणजे दुसऱ्या नाण्याने! दोन नाणी एकमेकांवर ठेवून लोहाराच्या शेगड्यात घट्ट आवळली, की हा चमत्कार घरबसल्या होतो. टांकसाळीतही कधी कधी एक नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. पण अशा वेळी चकती कोरी असल्यामुळे त्या बाजूवर केवळ उलटे चित्रच उमटते. आमच्या नाण्यावर मात्र लिंकनचे मूळ चित्र खाली होतेच, आणि त्यावर उलटी अक्षरे चेपून बसली होती. मागच्या ओंब्याही दाबाने सपाट झाल्या होत्या. म्हणजे नाणे आधी पूर्ण झाले आणि मग त्याच्यावर हा प्रयोग झाला. पाचवे नाणे बाद ठरले.

आता राहिले सहावे नाणे. ते आरशासारखे चकाकत होते; त्याच्यावर ना डाग, ना गंज. 'डी' हे अक्षर त्यावर स्पष्ट होते. मी भिंगातून पाहिले, तेव्हा त्या अक्षराला सावलीसारखी दुहेरी कड दिसली. त्या काळी टांकसाळीचे अक्षर ठशावर हाताने ठोकीत असत. कारागिराचा दुसरा ठोका थोडा सरकून पडला, तर अक्षरावर अक्षर उमटे. १९४३ च्या डेन्व्हरच्या काही सेंटांवर असा दुहेरी 'डी' प्रसिद्धच आहे. मला मोठा आनंद झाला. मी वर्गाला आत्मविश्वासाने सांगितले, "मुलांनो, हे या पेटीतले रत्न आहे. टांकसाळीतून जसे निघाले तसेच ते आजपर्यंत राहिले आहे. कोणाचा हात याला लागलेला नाही."

मुले टाळ्या वाजविणार इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "सर, मी ते नाणं पुन्हा पाहू का?" तिने नाणे उभे धरले, बाकीच्या पाच नाण्यांशेजारी ठेवले आणि पुन्हा पाहिले. मग ती हळूच म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतं, की मुलामा आधी देतात आणि चकती नंतर कापतात. म्हणून कडेला जस्त नसतं. या पाचही नाण्यांच्या कडा काळ्या-तांबूस आहेत. पण याची कडसुद्धा चकचकीत आहे. मग कडेवर हे जस्त आलं कुठून?"

वर्ग एकदम शांत झाला. मी नाणे हातात घेतले. तिचे म्हणणे बिनचूक होते. गंजलेल्या सेंटांचे जुने जस्त काढून टाकून त्यांवर नवा मुलामा चढवायचा आणि ते 'नवेकोरे' म्हणून विकायचे, हा उद्योग अमेरिकेत पुष्कळ चाललेला आहे, हे मला ठाऊक होते; तरी चकाकीने माझे डोळे दिपले होते. मग मी ते नाणे दिव्याखाली तिरके करून फिरविले. टांकसाळीतून निघालेल्या अस्सल नाण्यावर दाबामुळे धातूचे अतिसूक्ष्म प्रवाह मध्यापासून काठाकडे गेलेले असतात. म्हणून नाणे फिरविले, की प्रकाश चाकाच्या आऱ्यांप्रमाणे त्यावर फिरतो. या नाण्यावर प्रकाश फिरत नव्हता. भांड्याच्या पाठीवर पडावा तसा एकाच जागी झगमगत होता. 'डी'ची दुसरी कडही पुन्हा पाहिली. खऱ्या दुहेरी ठोक्यात दोन्ही अक्षरे पूर्ण उंचीची आणि गोलाईदार असतात. येथे मात्र एकाच अक्षराचा उतार चेपून पायरीसारखा सपाट झाला होता. ठोक पूर्ण होताना ठसा किंचित हलला, की अशी पायरी पडते. जाणकार तिला महत्त्व देत नाहीत.

मी खडू घेतला आणि फळ्यावर सहाव्या नाण्यापुढे लिहिलेला 'अस्सल' हा शब्द पुसून 'नव्याने मुलामा दिलेले' असे लिहिले. "बाळ, तुझं बरोबर आहे, मी चुकलो," असे त्या मुलीला सर्वांसमक्ष सांगताना प्रथम मला थोडे जड गेले, हे मी कबूल करतो. परंतु ते सांगून झाल्यावर मन हलके झाले. आमच्या टेबलावर सहा नाणी होती, त्यांत तीन खऱ्या चुका निघाल्या; सातवी चूक मात्र नाण्याची नव्हती, पाहणाऱ्याची होती. ती मला सापडली नाही, ती माझ्या विद्यार्थिनीला सापडली.

मुलांनो, नाण्यातील एका चुकीसाठी इतकी खटपट कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर एका शाळकरी मुलाच्या गोष्टीत आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सोळा वर्षांच्या एका मुलाला शाळेच्या उपाहारगृहात मोड म्हणून एक सेंट मिळाला. त्याच्यावर साल होते १९४३, पण रंग होता तांब्याचा! त्याने सरकारकडे चौकशी केली, तेव्हा त्या साली सर्व सेंट पोलादाचेच काढले गेले, असे उत्तर त्याला मिळाले. तरीही त्याने ते नाणे जपून ठेवले. पुढे असे मानले जाऊ लागले, की आदल्या वर्षीच्या काही तांब्याच्या चकत्या यंत्रसामग्रीत अडकून राहिल्या असाव्यात आणि त्यांच्यावर १९४३ चा ठसा उमटला. अशी फारच थोडी नाणी आजवर सापडली आहेत. त्या मुलाचे नाणे त्याच्या मृत्यूनंतर, २०१९ मध्ये, २ लाख ४ हजार डॉलरांना विकले गेले.

जेथे मोल तेथे मोह, हे ओघानेच आले. पोलादी सेंटाला तांब्याचे पाणी देऊन तो खपविणारे निघाले. १९४८ च्या सेंटावरील आठाचा अर्धा भाग खरवडून त्याचा तीन करणारेही निघाले. पहिल्याची लबाडी लोहचुंबक क्षणात उघडकीस आणते, कारण आत पोलाद असले, की ते चिकटतेच. वजनानेही पारख होते : तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅमचा, तर पोलादी सेंट सुमारे २.७ ग्रॅमचा. सोनाराच्या काट्याला हा फरक सहज कळतो. दुसऱ्याची लबाडी भिंगाला कळते, कारण १९४३ मधील खऱ्या तीनाचे शेपूट लांब असून ते बाकीच्या आकड्यांच्या खाली उतरलेले असते. आठ कापून केलेल्या तीनाला ते साधत नाही.

याचा अर्थ असा मात्र नव्हे, की इजा झालेले नाणे तुच्छ मानावे. ज्या सेंटाचे जस्त उडाले आहे, ज्याचा काठ गंजला आहे, तो कोणाच्या तरी खिशातून पावाच्या दुकानात गेला असेल. एखाद्या मुलाने तो गोळ्यांसाठी घट्ट मुठीत धरला असेल. मुठीतल्या घामाने जस्त काळवंडते. टांकसाळीची चूक आपल्याला यंत्राची हकीकत सांगते. वापराची खूण माणसांची हकीकत सांगते. दोन्ही हकीकती ऐकण्याजोग्या आहेत. फक्त एकीला दुसरीचे नाव देऊ नये, आणि घासूनपुसून कोणतीच मिटवू नये. पोलादी सेंट तर चकचकीत करण्याच्या हौसेने कधीच घासू नये; घासल्याबरोबर जस्त जाते, आणि त्याच्याबरोबर साक्षीदारही जातो.

आजीचा भोकाचा पैसा आज माझ्या टेबलावर आहे. त्याच्या शेजारी त्या सहा सेंटांपैकी मी एकच ठेवून घेतला आहे. तो पहिला नव्हे, चौथाही नव्हे. तो सहावा आहे. त्याची चकचकीत कड अधूनमधून मी पाहतो. डोळे दिपले, की कडेकडे पाहण्याचे राहून जाते, याची ती मला आठवण करून देते.

अभ्यास

१. आजीने दिलेले उत्तर लेखकाला प्रथम थट्टा का वाटली? ते खरे कसे होते?
२. अमेरिकेने १९४३ मध्ये सेंटाचा धातू का बदलला?
३. उंच रेषा आणि खोल रेषा यांवरून नाण्याविषयी काय समजते? मोदकाच्या साच्याच्या आधारे स्पष्ट करा.
४. लचका तुटलेल्या नाण्याची पारख करताना समोरचा काठ का पाहावा?
५. मागच्या बाकावरच्या मुलीने कोणत्या पुराव्यावरून शिक्षकांची चूक दाखविली? शिक्षकांच्या वागण्याविषयी तुम्हांला काय वाटते?
६. घरातील एखादे जुने नाणे भिंगातून पाहा. त्यावरील दोन खुणांचे वर्णन करून त्या मूळ योजनेच्या, टांकसाळीच्या की वापराच्या, ते कारणांसह लिहा.